टिला, तितर आणि चिटणीसपद

मंडळ ही वस्तू मनुष्याच्या हिताची आहे, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात गेर्विन टेब्बे यांच्या आयुष्याचा बराच उत्तम काळ खर्ची पडला होता. जर्मनीतल्या म्युन्स्टरलांडच्या त्या सपाट मुलखात तीन माणसे एका टेबलाशी बसली, की बिअरचा फेस खाली बसण्याच्या आत त्यांच्यात अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ठरत. आणि त्यांतल्या दोघांचे बिनसले, की लगोलग दुसरे मंडळ निघे. होर्स्टबेक गावात गाण्याची दोन मंडळे होती, नेमबाजीची तर होतीच होती, आणि जुन्या ट्रॅक्टरांवर निरपेक्ष प्रेम करणाऱ्यांचेही एक होते. टेब्बे नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात होते. यांतल्या प्रत्येक मंडळाने आपल्या खोपटाच्या परवानगीसाठी त्यांचा उंबरठा झिजवला होता. खोपटे नियमात बसली तेव्हा त्यांनी परवानगी दिली. बसली नाहीत तेव्हा ती का बसत नाहीत, हे निर्दोष, डौलदार आणि कोणासही संपूर्ण वाचता येणार नाहीत अशा वाक्यांत लिहून कळवले. स्वतः मात्र ते कोणत्याही मंडळाचे सभासद नव्हते. ‘टेब्बे कशातच नाहीत’ असे गाव म्हणे, त्यात गावाला कीव अभिप्रेत असे. टेब्बे ते बिरूद समजत.

अशा माणसाने उतारवयात शिकारीची परीक्षा देऊन परवाना मिळवावा आणि लगेच कुत्री घरी आणावी, हे नियतीला खुले आव्हानच होते. नियतीने ते ओस्टेनडॉर्फबाईंच्या स्वयंपाकघरात स्वीकारले.

ओस्टेनडॉर्फबाई कुत्र्यांची पैदास करत. त्यांची लांब केसांची, तपकिरी ठिपक्यांची पिल्ले तीन जिल्ह्यांत नावाजलेली होती आणि ती मिळवणे हे मुलीचा हात मागण्याहून अवघड होते.

“माझी पिल्लं सोफ्यावर लोळायला जन्मत नाहीत, टेब्बेसाहेब,” बाई म्हणाल्या. “पुढच्या ऑक्टोबरात मी जातीनं येणार. रानात तितरापुढं ही दगडासारखी उभी राहिलेली मला दिसली पाहिजे. नाही दिसली, तर टोपलीसकट परत नेईन. शब्द?”

“शब्द,” टेब्बे म्हणाले आणि त्यांनी बाईंच्या हातावर हात दिला. त्या मुलखात घोडा आणि कुत्रा यांचा व्यवहार हातावर होतो, आणि तो शिक्क्याहून पक्का असतो. शिक्क्याविरुद्ध अपील करता येते.

त्या वेळी हा शब्द टेब्बे यांना जड वाटला नाही. पण ती कुत्री, टिला, घरी आली. टेब्बे संध्याकाळी वाचायला बसले, की त्यांच्या सपातेवर हनुवटी टेकून झोपू लागली. ‘एक तर कुत्रं राहील, नाहीतर पांढरा गालिचा’ अशी ताकीद देणाऱ्या त्यांच्या पत्नीने, मेखटिल्डने, महिन्याभरात गालिचा स्वतःच्या हातांनी बहिणीकडे पाठवून दिला. गालिचा गेला, त्या दिवशी टेब्बे यांना आपल्या शब्दाचे खरे वजन कळले.

अशा जातीच्या कुत्र्याचे काम बोलायला सोपे आहे. रानात वारा नाकावर घेत हिंडायचे. गवतात दडलेल्या पाखराचा वास लागताच जागच्या जागी थिजायचे. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक नेमक्या दिशेला. आणि मालक येईपर्यंत पापणीही लववायची नाही. याला रोख धरणे म्हणतात. टिलाचे मत वेगळे होते. पाखरे उडवण्यासाठी असतात, आणि ती जितकी अधिक तितका दिवस सार्थकी लागला, अशी तिची धारणा होती. टेब्बे यांनी तिच्याशी पुष्कळ युक्तिवाद केला. वादात निरुत्तर होण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला होता.

शेजारचे कूलमान कुंपणावर कोपरे टेकून हे पाहत असत. कूलमानांकडे कुत्रा नव्हता, पूर्वीही कधी नव्हता. त्यामुळे कुत्र्यांविषयीचे त्यांचे मत अनुभवाने कुठेही डागाळलेले नव्हते.

“एकट्याचं काम नाही हे,” ते म्हणाले. “रान पाहिजे, पाखरं पाहिजेत, जाणती माणसं पाहिजेत. मंडळात जा.”

“मी आणि मंडळात?”

“मग ऑक्टोबरात रिकामी टोपली बघत बसा. अहो हो, टोपलीसुद्धा नेणार आहेत ना त्या!”

टेब्बे यांनी कोट चढवला.

पहिले मंडळ टिलाच्याच जातीचे होते. अध्यक्ष फेनेमान हे पेशाने वकील. पंचक्रोशीतले शिकारीचे रान त्यांच्याच ताब्यात होते. त्यांनी टेब्बे यांना प्रेमाने बसवले, कॉफी दिली, टिलाचे दात पाहिले आणि वंशावळीची वाखाणणी केली.

“प्रशिक्षण फक्त सभासदांना,” ते म्हणाले. “सभासदत्वाला वार्षिक सभेची मंजुरी लागते. सभा असते जानेवारीत.”

“आता फेब्रुवारी चालू आहे.”

“हो ना! गेल्याच शुक्रवारी झाली. छान झाली.”

“मग पुढची कधी?”

“वार्षिक आहे हो ती, टेब्बेसाहेब.”

टेब्बे घरी आले ते जखमी होऊन. फेनेमान नियमावर बोट ठेवून हसले, याचे त्यांना दुःख नव्हते. नियम त्यांना पटला होता, हे खरे दुःख. आणि ज्या गोड, अविचल आवाजात तो सांगितला गेला, तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. टेबलाच्या या बाजूने मात्र त्यांनी तो प्रथमच ऐकला होता.

दुसरे मंडळ आखूड केसांच्या कुत्र्यांचे. आजोबांच्या काळात ते पहिल्यातून फुटून निघाले होते. कशावरून, हे आता कोणासच आठवत नव्हते. त्यामुळे तडजोडीलाही वाव उरला नव्हता. दोन्ही मंडळे एकमेकांचा उल्लेख ‘ती माणसं’ असा करत. त्यांचे अध्यक्ष ब्रोकाम्प यांनी टिलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मान हलवली.

“केस लांब आहेत हिचे.”

“पण वास ती नाकानंच घेते ना?”

“नाकाविषयी तक्रारच नाही. नाक झकास आहे. घटनेत केसांचं लिहिलंय.”

“कापले तर?”

ब्रोकाम्प यांनी टेब्बे यांच्याकडे, आणि मग टिलाकडे, अशा नजरेने पाहिले की टेब्बे यांनी शब्द मागे घेतला आणि वाटेत टिलाचीही क्षमा मागितली.

तिसरे मंडळ नदीपलीकडचे, उदार मनाचे. तिथे कोणतीही जात आणि कोणतेही केस चालत. फक्त प्राथमिक शिक्षण झाल्याचा कोणत्याही मान्यताप्राप्त मंडळाचा दाखला तेवढा हवा होता.

“ते शिक्षण मिळालं असतं, तर मी नदी ओलांडून इथं कशाला आलो असतो?”

“सगळे हेच म्हणतात,” चिटणीसबाई सहानुभूतीने म्हणाल्या. “आमच्याकडे कुणी येतच नाही हो.”

मार्च उजाडला. टिलाने एव्हाना गावतळ्यावरची बदके, चर्चमागचे कावळे आणि पाळकबाबांची एक कोंबडी हवेत उडवून दाखवली होती. कोंबडी उडू शकते, हे पाळकबाबांनाही नवीन होते. अशा वेळी कूलमान पुन्हा कुंपणाशी आले.

“गुरुवारी ‘सोनेरी हरण’ खानावळीत सभा आहे बघा. मागच्या दालनात. पक्ष्यांचंच काहीतरी चालतं त्यांचं. मोसम, सराव, लांबलांबच्या फेऱ्या. माणसं मोकळीढाकळी आहेत. जाऊन बसा मुकाट्यानं.”

टेब्बे गेले, मुकाट्याने बसले, आणि रिवाजाप्रमाणे टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक करून सर्वांना एकदम नमस्कार केला. सर्वांनी टकटक करून तो परत केला. न मागता बिअर पुढे आली. तीन मंडळांत कॉफीच्या पुढे मजल गेली नव्हती. टेब्बे यांचे मन भरून आले. अध्यक्षस्थानी वेसलिंग नावाचे निवृत्त दंतवैद्य होते. ते समोरच्याचे तोंड अजून उघडेच आहे आणि तो उलट बोलू शकत नाही, अशा थाटात बोलत. यंदा पाखरे तंदुरुस्त आहेत, सराव वेळेवर सुरू व्हावा, ससाण्याचा उपद्रव वाढला आहे, असे ते म्हणाले. टेब्बे यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मग वेसलिंग म्हणाले, “आता गेल्या साली फ्रान्समधून सगळ्यांत आधी घरी परतणाऱ्या मादीचा सत्कार,” आणि टेबलावर पिंजरा आला. पिंजऱ्यात कबूतर होते.

ते शर्यतीच्या कबुतरांचे मंडळ होते.

सुज्ञ माणूस त्या क्षणी उठला असता. पण चालू सभेतून उठून जाणे हे टेब्बे यांच्या लेखी चालू शस्त्रक्रियेतून उठून जाण्यासारखे होते. ते बसून राहिले. शेवटी चिटणिसाच्या निवडणुकीचा विषय निघाला.

इथे त्या मुलखातली एक गोष्ट जाणली पाहिजे. ‘कोण इच्छुक आहे?’ असा प्रश्न सभेत उच्चारला गेला, की अनुभवी माणसे तत्काळ मान खाली घालतात. कोणी पेल्याचा तळ निरखतो, कोणी बुटाची नाडी. एका वृद्ध सभासदाने तर डोळे मिटून घेतले. हे शहाणपण मंडळांतच वाढलेल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळते. टेब्बे कधीच कशात नव्हते. ते सरळ बसले होते, कुतूहलाने इकडेतिकडे पाहत होते, आणि त्या सबंध दालनात मान वर असलेले ते एकमेव गृहस्थ होते.

“वा!” वेसलिंग म्हणाले. “नगरपालिकेतले टेब्बेसाहेब! सूचना आली. अनुमोदन?”

वीस जणांच्या पेरांनी टेबले वाजली.

“माफ करा, मी सभासदच नाही,” टेब्बे म्हणाले.

“त्याची सोय आधी करू. टेब्बेसाहेबांना सभासद करून घ्यावं, हात वर करा. झालं. आता चिटणीस. हात वर. झालं. स्वीकारता?”

जे फेनेमान यांच्या मंडळाला वर्षभर जमणार नव्हते, ते कबुतरवाल्यांनी बिअर गरम होण्याच्या आत उरकले होते. टेब्बे यांनी मनातल्या मनात या कार्यवाहीत दोष शोधला. दोष नव्हता. निर्दोष कार्यवाहीला नकार देणे त्यांच्या रक्तातच नव्हते.

“स्वीकारतो,” ते म्हणाले.

मेखटिल्ड भांडी विसळत होती. हकिगत ऐकून तिला खुर्चीवर बसावे लागले.

“कुत्रीला शिकवायला गेलास आणि कबुतरांचा कारभारी होऊन आलास?”

“बिनविरोध निवड झाली,” टेब्बे जमेल तितक्या ताठपणे म्हणाले.

“अरे, पण टिलाचं काय?”

टेब्बे यांनी खाली पाहिले. सपातेवर हनुवटी टेकून टिला निश्चिंत झोपली होती.

पुढचा अनर्थ मे महिन्यातल्या एका रविवारी घडला. सभेचे इतिवृत्त अध्यक्षांच्या सहीला नेताना टेब्बे यांनी टिलालाही फिरायला म्हणून बरोबर घेतले. त्या दिवशी शर्यत होती, हे जगात एका चिटणिसाला तरी ठाऊक असायला हवे होते. वेसलिंग यांच्या बागेत पांढऱ्या टेबलावर कॉफी आणि चेरीचा केक मांडलेला होता, सारे मंडळ माना वर करून आकाश न्याहाळत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी दूर ठिपके दिसू लागले. शर्यतीच्या कबुतराचा पाय कबुतरखान्याच्या दारातून आत पडल्याशिवाय वेळ धरली जात नाही. छपरावर बसलेले कबूतर जिंकत नसते. वेसलिंग यांची लाडकी निळी मादी सर्वांत पुढे होती. टिलाने तिला पाहिले. साखळी टेब्बे यांच्या हातातून निसटली, टिला टेबलाखालून गेली आणि टेबल टिलाबरोबर गेले.

निळी छपरावर जाऊन बसली. पाठोपाठ आलेली सगळी छपरावर बसली. टिला खाली आनंदाने नाचत राहिली.

“टेब्बेऽ! आवरा तुमचं जनावर!”

“टिला! इकडे ये! कृपा करून ये!”

“तिला कृपा काय सांगताय? पकडा! अरे, केकवर पाय देऊ नका कुणी!”

निळी जेव्हा खाली उतरली, तेव्हा शेजारच्या गावच्या मंडळाने विजयाचा दुसरा पेला भरला होता.

तातडीची सभा बोलावण्यात आली. विषय एकच: चिटणिसाचे अक्षम्य वर्तन. स्वतःविरुद्धच्या ठरावाचे इतिवृत्त चिटणिसालाच लिहावे लागते. ते टेब्बे यांनी इतक्या समतोल वृत्तीने लिहिले, की ते वाचणाऱ्यालाही त्या चिटणिसाचा राग यावा. अखेर ते म्हणाले, “मी राजीनामा देतो.”

दालनात भीतीची शिरशिरी पसरली. राजीनामा म्हणजे निवडणूक. सगळ्यांच्या माना आपोआप खाली गेल्या.

“छे छे! राजीनामा कसला?” वेसलिंग घाईने म्हणाले. “माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये. आपण कुत्री सुधारू.”

नवा चिटणीस शोधण्यापेक्षा कुत्री सुधारणे सोपे, असा ठराव एकमताने संमत झाला. रोज संध्याकाळी टिलाला वेसलिंग यांच्या बागेत आणायचे; कबुतरांना तिची सवय झाली पाहिजे आणि तिला कबुतरांची.

मोकळी सोडलेली पाखरे दाण्यांचा डबा खुळखुळला की घरट्यांकडे वळत. पण टिला जरा जरी हलली, तरी ती छपरावर जाऊन बसत आणि खाली उतरण्याचे नाव काढत नसत. वेसलिंग यांचे जेवण थंड होई. ते ओरडत, त्यांची पत्नी त्यांच्यावर ओरडे, कुंपणापलीकडचे लोक दोघांवर ओरडत. पहिले काही आठवडे सर्वांनी सर्वांवर ओरडून पाहिले. मग एके दिवशी टिला, बहुधा कंटाळून, स्तब्ध उभी राहिली. पाखरे उतरली. तिच्या नाकासमोरून, एकामागून एक, आत गेली. टेब्बे यांनी कोटाच्या खिशातून लिव्हर सॉसेजचा तुकडा काढून तिला दिला. टिलाने सॉसेज खाल्ले, छपराकडे पाहिले, खिशाकडे पाहिले, आणि तिच्या मनात काहीतरी जुळले. तिच्याशी घातलेल्या सगळ्या वादांत नेमका हाच मुद्दा राहून गेला होता.

ऑगस्टपर्यंत ती फाटकातच थिजू लागली: पाय उचललेला, शेपूट ताठ. कबुतरवाले पाहुण्यांना ती दाखवू लागले. “आमची कुत्री,” ते म्हणत.

“पण कबूतर म्हणजे तितर नव्हे,” टेब्बे घरी म्हणाले. सप्टेंबर सरत आला होता. शेवटच्या सराव-उड्डाणात निळी मादी परत आली नव्हती, म्हणून वेसलिंगही सुतकात होते. “बाई ऐकायच्या नाहीत.”

“मी चेरीचा केक करते,” मेखटिल्ड म्हणाली. थोड्या वेळाने तिने टिलाची टोपली, कोणी मागितलेली नसताना, जिन्याखाली नेऊन लपवली.

ओस्टेनडॉर्फबाई आल्या त्या उंच बूट घालून आणि हातात रिकामा पट्टा घेऊन. रान फेनेमान यांचे, म्हणून तेही आले; मेखटिल्ड तर बरोबर होतीच. टेब्बे यांनी आणखी कोणालाही बोलावले नव्हते. तरी बीटच्या शेताकडेच्या रस्त्यावर कबुतरांचे सबंध मंडळ थर्मास घेऊन उभे होते.

“ही माणसं कोण?” बाईंनी विचारले.

“माझं मंडळ,” टेब्बे म्हणाले, आणि आपण हे म्हणालो याचे त्यांना नवल वाटले.

टिला सुटली. तिने बीटच्या पानांतून वारा नाकावर घेत मोठाले वळसे घेतले. एकाएकी ती थिजली. पाय उचललेला. शेपूट ताठ. पाने हलली, आणि त्यांतून डुलत डुलत, पायात कडे असलेले, कबूतर बाहेर आले.

“माझी निळी!” रस्त्यावरून आरोळी आली, आणि निवृत्त दंतवैद्य बीट तुडवत धावत सुटले.

फेनेमान खोकले. ओस्टेनडॉर्फबाईंचा चेहरा कठोर झाला.

“मी तितर म्हटलं होतं, टेब्बेसाहेब. कबुतरं माझ्या छपरावरही बसतात.” त्यांनी पट्टा हातात सरळ केला. “शब्द तो शब्द.”

टेब्बे यांनी आयुष्यभर वाद घातले होते. शब्दाची व्याख्या, पक्ष्याची व्याख्या, निकषाचा हेतू, हे सगळे मुद्दे त्यांच्या जिभेवर ओळीने उभे राहिले, आणि त्यांतला एकही त्यांना उच्चारता आला नाही. मेखटिल्डने त्यांची बाही धरली होती.

“जरा थांबा,” ते एवढेच म्हणाले. “ती अजून उभी आहे.”

टिला उभीच होती. कबूतर तिच्या पायांजवळून मागे गेले, वेसलिंग यांनी ते तिच्या शेपटीमागे झडप घालून कवेत घेतले, त्याला नावाने हाका मारून ते रडले. टिलाने कान हलवला नाही. पट्टा घेऊन निघालेल्या ओस्टेनडॉर्फबाई मध्येच थबकल्या.

“अहो, कबूतर तर मागं गेलं. मग ही पुढं कुणाकडं बघतेय?”

“सवय असेल,” फेनेमान म्हणाले. “या रानात कित्येक वर्षांत तितर दिसलेलं नाही.”

“तुम्हाला दिसलं नसेल. कुत्री खोटं बोलत नाही.”

बाई टिलाला ओलांडून पुढे गेल्या. एक पाऊल. दुसरे. तिसऱ्या पावलाला बीटची पाने जणू फुटली आणि त्यांतून तपकिरी, घरघरत्या पंखांचा एक थवा उसळून त्यांच्या कानांजवळून गेला, आणि सखल उडत ओढ्यापलीकडे उतरला. तितर. फेनेमान यांनी टोपी काढली. टिला नखशिखांत थरथरत होती, पण जागची हलली नव्हती.

बाई परत आल्या. त्यांनी पट्ट्याची नीट गुंडाळी करून ती टेब्बे यांच्या हातात दिली.

“हाही राहू द्या तुमच्याकडंच,” त्या खाकरून म्हणाल्या. “कुठल्या मंडळात शिकवलंत हिला?”

“आमच्या!” वेसलिंग कवेतल्या निळीसकट ओरडले, आणि रस्त्यावरच्या मंडळींनी टेबल नव्हते म्हणून थर्मासच वाजवले.

जानेवारीत, वर्षातून एकदाच होणाऱ्या त्या सभेत, फेनेमान यांच्या मंडळाने टेब्बे यांना सन्मानाने सभासद करून घेतले. सभा ‘सोनेरी हरणा’तच होती, पण पुढच्या दालनात. टिला टेबलाखाली पहुडली होती. शेवटचा विषय निघाला: चिटणिसाची निवड.

“कोण इच्छुक आहे?” फेनेमान यांनी विचारले.

टेब्बे आता अनुभवी होते. इतरांच्या आधीच त्यांची मान खाली गेली होती आणि टेबलाच्या लाकडातल्या रेषांचा सूक्ष्म अभ्यास सुरू झाला होता. कोणीतरी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. याच वेळी टिलाला कोटाच्या खिशाची आठवण झाली असावी. ती टेबलाखालून बाहेर आली, दोन पावले मागे सरली आणि थिजली. पाय उचललेला. शेपूट ताठ. नाक थेट टेब्बे यांच्यावर.

एकेक मान वर झाली. टिलाच्या नाकापासून निघालेली ती अदृश्य रेषा सगळ्या दालनाने टोकापर्यंत नेऊन पाहिली.

“कुत्री खोटं बोलत नाही,” फेनेमान म्हणाले. “हात वर करा.”

टेब्बे उठून उभे राहिले. कार्यवाही निर्दोष होती. फक्त गुरुवार कबुतरांसाठी मोकळा ठेवावा, एवढी एकच अट त्यांनी घातली, आणि खिशातला तुकडा काढून टिलाला दिला. कामगिरी चोख झाली होती. तिचा हक्क नाकारणे नियमात बसत नव्हते.